‘काका, सुरुवातीला असंच होतं’ : शिडाच्या मॉडेल बोटीच्या खरेदीत झालेली फसवणूक

गेल्या जानेवारीत मी ३४,००० रुपये मोजून रेडिओ नियंत्रित शिडाची मॉडेल बोट विकत घेतली. घरी आलेली बोट पाण्यात चालण्यासाठी बनवलेलीच नव्हती. दिवाणखान्यात मांडायच्या लाकडी शोभेच्या बोटीत दोन सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर सुकाणू किंवा दोरी हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवून, तिला रंगरंगोटी करून, ती मला ‘एक मीटर वर्गाची, शर्यतीला तयार’ म्हणून विकण्यात आली. एक मीटर वर्ग म्हणजे ठरावीक नियमांनुसार बांधलेल्या, एक मीटरपर्यंत लांबीच्या शर्यतीच्या बोटींचा गट. हे माझ्या लक्षात यायला अडीच महिने लागले. एवढा काळ का लागला, हे नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असताना एका तळ्याच्या काठी माझ्याच वयाची काही माणसे अशा बोटी चालवताना पाहिली होती. या बोटीला पुढे ढकलणारी मोटर नसते, तिला चालवतो तो वारा. हातातल्या रिमोटवरून दोनच गोष्टी करायच्या असतात : एका काठीने सुकाणू वळवायचे आणि दुसरीने शिडांची दोरी ओढायची किंवा सैल सोडायची. एवढ्या दोन हालचालींवर वाऱ्याशी जुळवून घेत बोट पैलतीरी नेऊन परत आणायची, यातले कौशल्य मला मनापासून आवडले. कोल्हापूरला परतल्यावर रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी सुटणारा वारा मी वेगळ्याच नजरेने पाहू लागलो. आसपास हा छंद असणारे कोणीही माझ्या ओळखीचे नव्हते, त्यामुळे विचारायचे कोणाला हा प्रश्न होता, आणि माझी पहिली अडचण तीच ठरली.

जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात ती जाहिरात दिसली. फोटोत पांढरी, सडपातळ बोट एका अंगावर कलून पाणी कापत चाललेली होती. विकणारा गृहस्थ मुंबईजवळ राहत असल्याचे सांगत होता आणि फोनवर अत्यंत अदबीने बोलत असे. बोट आंतरराष्ट्रीय एक मीटर वर्गाची आहे, सोबत मोजणीचे, म्हणजे ती वर्गाच्या नियमांत बसते असे दाखवणारे, प्रमाणपत्र आहे आणि डोलकाठी कार्बनची आहे, असे त्याने सांगितले. प्रमाणपत्राचा फोटोही पाठवला. त्या वर्गाच्या नियमांत डोलकाठीला कार्बन वापरण्यास मज्जाव आहे, ती अॅल्युमिनियमची किंवा लाकडाची असते, हे मला तेव्हा ठाऊक असते तर त्या एका वाक्यावरच व्यवहार थांबला असता. निम्मे पैसे आधी आणि निम्मे कुरिअरची पावती दाखवल्यावर, असे ठरले. दोन्ही वेळा मी यूपीआयने पैसे पाठवले. पडद्यावर दिसलेले खातेदाराचे नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळे होते. ‘खातं मेहुण्याचं आहे’ हे उत्तर मी मान्य केले.

खोके उघडल्यावर आतली बोट फोटोतल्यासारखी पांढरी निघाली, पण हल, म्हणजे बोटीचे मुख्य अंग, फळ्यांचा होता आणि शिडे जाड सुती कापडाची होती. विचारले, तेव्हा लाकडी हल नियमात बसतो असे उत्तर आले, आणि ते खरेही आहे. अर्धसत्य सांगण्यात हा माणूस वाकबगार होता.

पहिल्या रविवारी सकाळी रंकाळ्यात बोट सोडली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि ती आडवी झाली ती उठलीच नाही. शिडे पाण्यावर पसरून पडून राहिली आणि एका होडीवाल्याला विनंती करून मला ती परत आणावी लागली. त्या दिवशी विकणाऱ्याला फोन केल्यावर तो म्हणाला, ‘काका, सुरुवातीला असंच होतं. तुम्ही शीड वेळेवर सैल सोडलं नसेल.’ पुढच्या रविवारी मी शीड आधीच सैल सोडले, तरी तेच घडले. मग त्याने सांगितले की माझी दोरी बांधण्याची पद्धत चुकते आहे. त्यानंतर वारा जास्त असेल म्हणाला, मग कमी असेल म्हणाला, मग रंकाळ्यातली जलपर्णी कीलला, म्हणजे बोटीच्या तळाखाली असलेल्या उभ्या पात्याला, अडकत असेल म्हणाला. जलपर्णी अडकते हे खरे आहे, त्यामुळे तेही मला पटले. त्याच्या प्रत्येक स्पष्टीकरणात दोष माझा होता. मी नवशिका होतो आणि नवशिक्याच्या हातून चुका होणारच, असे मी स्वतःलाच बजावत होतो. वह्या भरून टिपणे काढली, वाऱ्याच्या दिशा लिहून ठेवल्या, पहाटे पाचला उठून सराव केला. आज मागे वळून पाहताना गेलेल्या पैशांपेक्षा त्या प्रामाणिक कष्टांचा गैरफायदा घेतला गेला याचे दुःख मला अधिक आहे.

उलगडा झाला तो कुरिअरच्या पावतीमुळे. मार्चअखेर कागदपत्रे लावताना ती हाती आली आणि तिच्यावर खोक्याचे वजन दिसले : ३.४ किलो. दरम्यान मी त्या वर्गाचे नियम वाचले होते. एक मीटर वर्गाची बोट शिडांसह किमान ४ किलो वजनाची असावी लागते. बोट, तिचा स्टँड, रिमोट आणि खोके या सगळ्यांचे मिळून वजन ३.४ किलो असेल, तर आत एक मीटर वर्गाची बोट असणे शक्यच नव्हते. हा पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात होता.

वजन का महत्त्वाचे, हे थोडे समजावून सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथेच होती. शिडांवर वारा आदळला की बोट कलंडू पाहते. तिला सावरते ते कीलच्या खालच्या टोकाला बसवलेले शिशाचे वजन. पूर्ण बोटीच्या निम्म्याहून अधिक भार त्या एका गोळ्यात असतो, आणि तो जितका खोल तितकी बोट ताठ उभी राहते. नियमानुसार बोटीची पाण्याखालची खोली ४२० मिलिमीटरपर्यंत असू शकते आणि चांगल्या बोटी त्या मर्यादेच्या जवळच असतात. माझ्या बोटीची कील मोजली तर जेमतेम २३० मिलिमीटर भरली. मग गोळा सोडवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला : ५८० ग्रॅम. मोजपात्रात काठोकाठ पाणी भरून त्यात तो बुडवला, तेव्हा ३१० मिलिलिटर पाणी बाहेर आले. म्हणजे तो पाण्याच्या पावणेदोन-दोन पट जड होता. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड असते, आणि तेवढ्या आकाराचा शिशाचा गोळा साडेतीन किलो भरला असता. चाकूने वरचा राखाडी रंग खरवडला, तेव्हा आतून पुट्टी निघाली.

पुढे सर्व्हो तपासला. शिडे पूर्ण आत ओढलेल्या स्थितीपासून पूर्ण बाहेर सोडण्यापर्यंत या आकाराच्या बोटीत २५ ते ३० सेंटिमीटर दोरी ये-जा करावी लागते, आणि त्यासाठी दोरी गुंडाळणारी विंच किंवा लांब दांडीचा ताकदवान सर्व्हो लागतो. माझ्या बोटीत सुकाणूसाठी वापरतात तोच साधा, आखूड दांडीचा सर्व्हो होता आणि त्याने दोरी पाच-सहा सेंटिमीटरच सरकत होती. शीड वेळेवर सैल सोडत नाही असा ज्या गोष्टीसाठी मला दोष दिला गेला, ती गोष्ट त्या बोटीत कोणालाही करता आली नसती.

मोजमापांचे फोटो पाठवल्यावर त्याने एकदाच उत्तर दिले, ‘तुम्हीच गोळा बदललाय.’ त्यानंतर नंबर बंद झाला. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण ही तक्रार पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांत केली तरच रक्कम अडवण्याची खरी संधी असते, आणि माझ्या बाबतीत मधे अडीच महिने गेले होते. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिला आहे. तो माणूस अशा बोटी नेहमी विकतो असे त्याच्याच बोलण्यात आले होते, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचाही विचार केला. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. मात्र नोटीस पाठवायला पत्ता लागतो. पावतीवरच्या पत्त्यावर नातलगाला पाठवून पाहिले, तर तिथे फक्त कुरिअरचे दुकान होते. म्हणून ज्यांना अशी बोट घ्यायची आहे त्यांनी विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि खातेदाराचे नाव हे तिन्ही जुळल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बोटीविषयी विचारायचे असेल ते व्हिडिओ कॉलवर विचारा, आधी काढून ठेवलेल्या व्हिडिओवर विसंबू नका. बोट काट्यावर ठेवायला सांगा आणि आकडा वाचून दाखवायला सांगा. कील मोजपट्टीने मोजून घ्या. रिमोटची काठी वरखाली करायला लावून शिडांची दोरी किती सरकते ते पाहा. प्रमाणपत्रावरचा क्रमांक प्रत्यक्ष हलवर कुठे आहे ते दाखवायला सांगा. माझ्या हलवर तो कुठेच नव्हता. शक्य असेल तर बोट पाण्यात आडवी करून, डोलकाठी पाण्याला टेकवून सोडायला सांगा : चांगली बोट आपोआप उभी राहते. खऱ्या बोटीच्या मालकाला यातले काहीही करायला दहा मिनिटे पुरतात आणि त्याला त्यात अपमान वाटत नाही. माझ्या विक्रेत्याने व्हिडिओ कॉल दोनदा टाळला होता. एकदा नेटवर्क नव्हते, एकदा घरात पाहुणे होते.

पहिली बोट एक मीटरचीच असावी असेही नाही. ६५ सेंटिमीटर लांबीच्या वर्गातली नवी, खोकेबंद बोट बिलासह दुकानातून घेतली तर शिकायला ती पुरेशी आहे, आणि बिलावर दुकानाचा पत्ता असतो. मी आता तशीच बोट घेण्यासाठी पैसे बाजूला काढतो आहे.

गेल्या आठवड्यात तो फोटो मला पुन्हा दिसला. तीच पांढरी बोट तशीच कलून चाललेली, पुढच्या शिडाच्या वरच्या कोपऱ्यात तोच निळा ठिगळाचा तुकडा. विकणाऱ्याचे नाव वेगळे आहे, गाव नाशिकजवळचे आहे आणि किंमत २८,००० रुपये लिहिली आहे. जाहिरातीत कार्बनच्या डोलकाठीचा उल्लेख अजूनही तसाच आहे. मी ती जाहिरात पोलिसांकडच्या अर्जाला जोडली आहे.