सात किलोची सेमी ऑटोमॅटिक मशीन : तीन लेकरं, काळी माती अन् दीड वर्षाचा अनुभव

आधी घर सांगते, म्हणजे मशीन कोणत्या घरात चालून राहिली ते समजेल. गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातलं, वावर नाल्यापलीकडं, लेकरं तीन. मोठी आठवीत अन् कबड्डीच्या टीममधे, शाळा सुटली की मैदानावर, दिवे लागायच्या वक्ताला घरी. मधला पाचवीत, तो दप्तर ओट्यावर टाकतो अन् जातो नाल्याकडं, मोजे गोखरूनं भरले की मगच वापस. बारकी अंगणवाडीत, जिथं पाणी साचलं तिथं तिचं बसणं. सासूबाई घरी राहतात म्हणून मी निंदणाला जाऊ शकते, पण धुणं माझंच.

काळी माती ज्यांच्या गावात आहे त्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते, ही माती ओली झाली की डिंकासारखी चिकटते. ओला चिखल तसाच घासला तर आणखी धाग्यात शिरतो अन् पांढऱ्या शर्टावर राखाडी डाग कायमचा बसतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच चिखल, अन् शाळेचे ड्रेस दोनच. मशीन नव्हती तेव्हा मी साडेचारला उठून मोरीवर बसत होती, मोगरीनं आपटून आपटून उजवा खांदा इतका दुखे की मोठीच्या वेण्या घालताना हात वर राहत नव्हता. अन् खरं सांगते, त्या धुण्याच्या भीतीनं मी लेकरांना खेळायलाच नाही म्हणत होती. मोठी सातवीत होती तेव्हा एक दिवस घरामागच्या कुंपणावर तिचा कबड्डीचा ड्रेस ओलाच वाळत टाकलेला दिसला. विचारलं तर म्हणते, "मम्मी, तुया खांदा दुखते ना, म्हणून मीच धुतला बोअरवर." त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी यांना म्हटलं, पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे आले की बाकी काही नाही, मशीन आणायची.

दिवाळीच्या आधी ११,८०० रुपयांत घेतली. दुकानदार फुल ऑटोमॅटिक घ्या म्हणून मागं लागला होता, पण तिला नळाचं पाणी चालू पाहिजे, प्रेशर पाहिजे, अन् आमच्याकडं नळ दिवसाआड तासभर. सेमीमधे बकेटनं पाणी टाकता येते, लाईट गेली तर कपडे मधेच काढता येतात, ही गोष्ट गावासाठी लय मोठी आहे. एका टबाला माझ्या तीन मोठ्या बकेटा लागतात. पहिल्या पाण्यात शाळेचे पांढरे, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, अन् शेवटी बारकीचे चिखलाचे. खळबळण्याचं पाणी मी वाया जाऊ देत नाही, ते संडासच्या टाकीत अन् उरलेलं अंगणात. आमचं बोअरचं पाणी खारं आहे, त्याच्यात पावडर फेसच देत नाही, म्हणून पांढऱ्या कपड्यांच्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकते, त्यानं फरक पडतो.

चिखलाचे कपडे मात्र सरळ मशीनमधे टाकू नका बाप्पा. आधी दोरीवर पूर्ण वाळू द्या, मग चोळून झटका, अर्धी माती तिथंच पडते, उरलेली अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून मग टबात. हे नाही केलं तर टबाच्या तळाला गाळ बसतो अन् पुढच्या कपड्यांना तोच लागतो, पहिल्या महिन्यात माझ्या हातून तसंच झालं होतं. कॉलर अन् गुडघे मशीननं निघत नाहीत, तिथं ब्रश मारावाच लागते, जाहिरातीत काही दाखवो.

अन् एक गोष्ट हात जोडून सांगते, फवारणीचे कपडे या मशीनमधे कधीच नाही. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरातली माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. यांचा फवारणीचा शर्ट-पँट मी वेगळ्या बकेटात, हातमोजे घालून, लेकरं जवळ नसताना धुते, अन् ते पाणी नाल्यात नाही सोडत. ज्या टबात बारकीचे झबले जातात त्याच टबात ते कपडे नकोच.

सगळ्यात कामाचा ड्रायर आहे. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही, तेव्हा ओल्या ड्रेसला कुबट वास येत होता अन् मधला तसाच घालून जात होता. आता संध्याकाळी पाच मिनिटं ड्रायर फिरवला अन् पंख्याखाली टाकला की सकाळी ड्रेस तयार. मागच्या तान्ह्या पोळ्याला भुरभुर पाऊस होता, मधला अन् बारकी लाकडी बैल घेऊन गावभर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागत फिरले अन् कमरेपर्यंत भरून आले, अन् मी काही बोलली नाही. बारकी दारातच थांबली होती, माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. मी म्हटलं, ये आत, बैल ठेव, गरम पाणी काढलं आहे. मोठीची तालुक्याची मॅच होती तेव्हाही सकाळी धुणं लावून मी अकराच्या एसटीनं गेली, पहिल्यांदाच तिला खेळताना पाहिलं. तिची चढाई काय जोरात असते, मला माहीतच नव्हतं.

आता तक्रारी. ड्रायरमधे कपडे एका बाजूला झाले तर मशीन धडधड करत जागेवरून सरकते, म्हणून कपडे दाबून सारखे भरा अन् वरून ती प्लास्टिकची चकती ठेवा, लोक ती फेकून देतात. झाकण उघडल्यावरही ड्रायर थोडा वेळ फिरत राहतो, लहान लेकराचा हात आत जाऊ देऊ नका. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, ओल्या फरशीवर पायात चप्पल असल्याशिवाय मी बटण दाबत नाही अन् बोर्ड बारकीच्या हाताच्या वर आहे. संध्याकाळी व्होल्टेज डिम राहते तेव्हा मोटर नुसती गुरगुर करते, लगेच बंद करायची, नाही तर जळते. पाण्याचा पाईप खाली उतारावर सोडावा लागते, म्हणून मशीन विटांच्या ओट्यावर ठेवली.

अन् उंदीर. मशीन खालून उघडी राहते, सहाव्या महिन्यात उंदरानं आतली वायर कातरली. कंपनीचा माणूस नऊ दिवसांनी आला, तोही म्हणाला की उंदराचं गॅरंटीत बसत नाही, ६५० रुपये घेतले. ते नऊ दिवस मी परत मोरीवर होती, मोठी न सांगता शेजारी येऊन बसे अन् पिळायला लागे. खालची जाळी वेगळी मिळते, दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागावी लागते. जाळी बसवल्याशिवाय मशीन गाडीत चढवू देऊ नका.