सोलापुरात पेट्रोल गाडी घ्यावी की इलेक्ट्रिक?

रोजच्या धावपळीत इलेक्ट्रिकच उजवी, हे मी ठामपणे सांगेन. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, रविवारी तुळजापूर. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आतच. युनिटला ६ किलोमीटर आणि १० रुपये दर धरला, तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत पडतं. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरलं, तर ७ रुपये.

पण चार्जिंग कुठे करायचं? बंगलेवाल्याने रात्री प्लग लावला की झालं. साखर पेठेच्या बोळात, जुन्या चाळीत राहणाऱ्याने वायर कुठून ओढायची? त्याला आज पेट्रोलच सोयीचं. त्याची सोय न करता ‘सगळ्यांनी इलेक्ट्रिक घ्या’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

उन्हाळ्यात पारा ४२च्या पुढे गेला की एसी चार्ज खातो, आणि सतत उन्हात उभ्या गाडीची बॅटरी लवकर झिजते. सावली हवीच.

पुणे अडीचशे किलोमीटर. छोट्या बॅटरीला टेंभुर्णी-इंदापूरकडे थांबावं लागतं, पेट्रोलवाला सरळ जातो.

राहिला धूर. आपल्या फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा एनटीपीसी प्रकल्प कोळशावरच चालतो, तेव्हा धूर संपत नाही. पण सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या शाळकरी पोरांच्या नाकात तरी तो जात नाही.