सोसायटीचा कारभार: वॉट्सॅप ग्रुप, गूगल शीट की ट्रेलो?

घोडबंदर रोड असो की खारघर, ८०-१०० फ्लॅटच्या सोसायटीत सेक्रेटरीचा बराचसा वेळ तीन गोष्टींत जातो: तक्रारी, टँकर आणि तारखा. एवढ्यासाठी विकतचं अ‍ॅप लागत नाही, मोफत साधनं पुरतात. निवड करताना दोनच गोष्टी बघा. नोंद प्रत्यक्षात कोण करणार? आणि समिती बदलल्यावर ती नोंद कोणाच्या हातात राहणार?

वॉट्सॅप सगळ्यांकडे आहेच, कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी कधी बंद, लिफ्ट कधी सुरू, अशा सूचनांना ते उत्तम. तक्रारी मात्र तिथे घेऊ नका. 'बी विंगचा पाइप गळतोय' हा सकाळचा मेसेज संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गडप होतो आणि प्लंबर येऊन गेला का, याचा पत्ता लागत नाही.

तक्रारींसाठी आमचा कौल गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेल्या शीटला. चार प्रश्न पुरे: विंग, फ्लॅट नंबर, तक्रारीचा प्रकार, तपशील. विंग आणि प्रकार ड्रॉपडाउनमध्ये द्या, फ्लॅट नंबरला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन (उत्तर तपासायची अट) लावून फक्त आकडा घ्या. मोकळं सोडलं तर एकच घर कुणी 'बी-४०२' लिहितं, कुणी '४०२ बी', मग फिल्टर चालत नाही. फोटो अपलोडचा प्रश्न टाळा. तो ठेवला की फॉर्म भरायला गूगल लॉगिन लागतं, आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच थांबतात. शीटमध्ये उत्तरांच्या उजवीकडे तीन रकाने जोडा: कोणाला सांगितलं, स्थिती, काम झाल्याची तारीख.

सुरुवातीलाच शीटच्या फाइल, सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) 'इंडिया' करा. तिथे अमेरिका राहिली तर हाताने टाकलेली ०५/०६ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे धरली जाते, आणि काम किती दिवस रखडलं हा हिशेब सगळाच चुकतो.

टँकरसाठी दुसरा फॉर्म करा, तो वॉचमनच्या फोनवर ठेवा: गाडी नंबर, चलान नंबर, जमिनीखालच्या टाकीतली आधीची पातळी आणि नंतरची, सेंटिमीटरमध्ये. वेळ आपोआप पडते. टाकी आतून ५ मीटर बाय ४ मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर, म्हणून १०,००० लिटरच्या टँकरने पातळी ५० सेंटिमीटर चढायला हवी. ४५ च चढली तर १,००० लिटर कमी आले. टँकर रिकामा होईस्तोवर पंप आणि पालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, नाहीतर हा आकडा फसवा ठरतो. पुरवठादाराशी बोलताना हातात महिन्याभराच्या नोंदी असल्या की बोलणं नेमकं होतं. पातळीतला फरक काढायचं शीटमधलं सूत्र आधीच खालपर्यंत ओढून ठेवू नका. फॉर्मचं प्रत्येक उत्तर नवी ओळ घालतं आणि तुमची सूत्रं खाली सरकतात. पहिली नोंद आल्यावर दुसऱ्या ओळीत अख्ख्या रकान्याला लागू होणारा एकच अ‍ॅरेफॉर्म्युला टाका.

ट्रेलो, म्हणजे कामांची कार्डं याद्यांमध्ये लावायचा ऑनलाइन फलक, दिसायला सुरेख आहे, आणि रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंगसारख्या टप्प्याटप्प्याच्या कामात कार्ड एका यादीतून पुढच्या यादीत सरकवणं खरोखर सोयीचं पडतं. अडचण अशी की मोफत वर्कस्पेसमध्ये १० जणांचीच मर्यादा आहे आणि अनेक सोसायट्यांच्या समितीतच ११ किंवा जास्त जण असतात. रोजच्या तक्रारी तिथे नेल्या तर कार्ड बनवायचं काम पुन्हा सेक्रेटरीच्याच गळ्यात पडतं.

तारखांचं बघू. गूगल कीपमधली नोट सगळ्यांना शेअर होते, पण रिमाइंडर ज्याने लावला त्यालाच वाजतो. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये दर महिन्याची, दर वर्षाची कामं छान लागतात, फक्त प्रत्येकाला मायक्रोसॉफ्ट खातं काढावं लागतं. म्हणून गूगल कॅलेंडर बरं: कार्यक्रमात समितीला पाहुणे म्हणून जोडा. ३० सप्टेंबरपूर्वीची वार्षिक सर्वसाधारण सभा, जानेवारी आणि जुलैमधलं अग्निसुरक्षेचं 'बी' प्रमाणपत्र (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला), लिफ्टच्या एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण, टाकी सफाई. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते, तेव्हा तिची नोंद वेगळी आणि तीन आठवडे आधीची करा.

हे सगळं सेक्रेटरीच्या वैयक्तिक जीमेलवर चालू करू नका. सोसायटीच्या नावाने खातं काढा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) लावा, फोन हाताशी नसताना लॉगिनसाठी गूगल देतं ते १० बॅकअप कोड छापून ऑफिसच्या कपाटात सीलबंद ठेवा. समिती बदलली की पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर त्याच दिवशी बदला आणि नवे कोड काढा. शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी उघडी ठेवू नका, त्यात लोकांचे फ्लॅट आणि तक्रारी आहेत. खात्याची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून आहे. अँड्रॉइडवरचा वॉट्सॅप बॅकअपही त्यातच मोजला जातो, तेव्हा ऑफिसच्या फोनवर व्हिडिओचा बॅकअप बंद ठेवा.