बिल्ले बसवायचा कॅपर: फेब्रुवारी ते सप्टेंबर

भुसावळच्या उन्हाळ्यात आमच्या घरी आल्याचा सोडा होतो. आलं, साखर, लिंबू घालून आंबवायचं; गॅस बाटलीतच धरतो, त्यामुळे बिल्ला, म्हणजे बाटलीचं पत्र्याचं झाकण, घट्ट बसला नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

फेब्रुवारीत स्वस्त म्हणून दोन दांड्यांचा हातातला कॅपर घेतला. तो बाटलीच्या मानेवरच्या काचेच्या कड्याला पकडतो आणि बिल्ला खाली दाबतो. एकाच जातीच्या, जाड बाटल्यांवर काम चोख. पण माझ्या बाटल्या भंगारवाल्याकडच्या. काहींचं कडं इतकं बारीक की जबडे सटकायचे. दोन्ही हातांचा जोर सारखा पडला नाही की बिल्ला तिरका. एप्रिलमध्ये एक मान हातातच तडकली आणि अंगठ्याला टाके पडले. त्या दिवशी ठरवलं, आता हा नको.

मे महिन्यात टेबलावरचा, एका दांडीचा घेतला. यात बाटली खाली पायावर उभी राहते आणि दाब सरळ वरून येतो, मानेचं कडं कसं का असेना. बाटलीची उंची बदलली की डोकं वर-खाली करावं लागतं, म्हणून आधी बाटल्या उंचीप्रमाणे लावून घेतो. पाया हलत होता. सागाच्या फळीला स्क्रूने ठोकला, मग प्रश्न मिटला.

बिल्ला नीट बसला का, हे मी व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने, बघतो. 26 मिमी म्हणून मिळणारा बिल्ला दाबण्याआधी बाहेरून साधारण 32 मिमी भरतो. नीट बसला की 28.7 च्या आसपास. जुन्या कॅपरचे काही 29.3 भरायचे, आणि नेमक्या त्याच बाटल्या चार दिवसांत फुसक्या निघायच्या. नव्याने पहिल्याच दिवशी तीस बाटल्या लावल्या, एकही गळली नाही.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही कॅपरने सुटत नाहीत. फिरवून उघडायच्या आट्यांच्या बाटल्या आणि सरबताच्या पातळ बाटल्या घेऊच नका, दाबाने फुटतात. आणि आपल्याकडच्या उकाड्यात आंबणं झपाट्याने होतं, म्हणून प्रत्येक घाण्यात एक प्लास्टिकची बाटली भरून बाजूला ठेवा. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या काचेच्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये.