होम थिएटरसाठी स्वस्तातले मोटरवाले ब्लॅकआउट ब्लाइंड: काही महिने वापरल्यावर

मोटरवाले ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड (म्हणजे खिडकीवरच्या नळीला गुंडाळले जाणारे, उजेड अडवणारे कापडी पडदे) लावून आता बरेच महिने झालेत, कडक उन्हात भर दुपारी पिक्चर बघून झालेत, बॅटरी चार्ज करून झाली, बारीकसारीक दुरुस्त्याही झाल्या, त्यामुळे आता नीट लिहितो. आधीच सांगतो, पैसे मोजकेच असतील तर मोटर साधी घ्या आणि उरलेला सगळा पैसा कडा बंद करण्यावर घाला. बाकी सगळं त्यानंतर.

कारण असं की ब्लॅकआउट म्हणून मिळणारं बरं कापड, मग ते मागे फोम कोटिंगचे थर दिलेलं असो नाहीतर पीव्हीसीचं, ऊन आरपार येऊच देत नाही. उजेड येतो तो बाजूच्या फटींतून. खिडकीच्या चौकटीच्या आत ब्लाइंड बसवला की दोन्ही बाजूंना ब्रॅकेटची जागा सोडावीच लागते, साधारण एक ते दोन सेंटिमीटर, आणि मोटर ज्या बाजूला असते तिकडे अजून थोडी जास्त. दुपारी त्या फटीतून उभी पांढरी रेघ समोरच्या भिंतीवर पडते आणि सगळी खोली उजळते. झोपायच्या खोलीत हे चालून जातं, प्रोजेक्टरच्या खोलीत अजिबात नाही.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही हो, तो फक्त उजेड टाकतो. पडद्यावर जो काळा दिसतो तो म्हणजे उजेड न पडलेला पांढरा पडदा, मग खोलीत जेवढा उजेड असेल तेवढाच तुमचा काळा राखाडी होणार. भर दिवसाचा सीन असेल तर फारसं जाणवत नाही, पण रात्रीचा सीन लागला, माणूस काळा कोट घालून अंधाऱ्या खोलीत उभा आहे, की कोट कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही. कडा बंद केल्यावर तोच सीन परत लावला तर कोटाच्या घड्या दिसायला लागल्या. प्रोजेक्टर तोच, पडदा तोच! मला तर महागडा प्रोजेक्टर घेण्यापेक्षा हा फरक मोठा वाटला.

आता घ्यायचं काय. ल्युट्रॉन आणि सोम्फी ही या धंद्यातली जुनी मोठी नावं, पण या दोघांच्या सिस्टिम माझ्या बजेटच्या बाहेरच्या. आयकियाने २०१९ मध्ये फिर्टूर नावाचा ब्लाइंड आणला तेव्हापासून तयार मापातले झिगबी (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारं बिनतारी जाळं) ब्लाइंड सामान्य माणसाच्या आवाक्यात आले हे खरंय, बॅटरी काढून चार्ज करता येते ही सोयही छान, फक्त रुंदी ठरावीकच मिळते, म्हणजे चौकटीच्या आत बरोब्बर बसेल याची खात्री नाही, बाहेरून भिंतीवर लावायचं असेल तर मात्र उत्तम पर्याय. तिसरा मार्ग म्हणजे आहे त्या ब्लाइंडच्या मण्यांच्या साखळीला ओढणारी छोटी मोटर, अकारा कंपनीची वगैरे मिळते, ती स्वस्त पडते पण साखळी ताणलेली राहायला हवी. मी मापाने शिवून मिळणारा ब्लाइंड घेतला, नळीतच बसणारी बॅटरीची मोटर, साधा रेडिओ रिमोट, आणि बाजूचे चॅनेल, म्हणजे कापडाच्या कडा झाकणाऱ्या पट्ट्या, वेगळे मागवले.

मोटरच्या ताकदीबद्दल विकणारे उगाच घाबरवतात म्हणून हिशोब देतो. दीड मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच खिडकी धरा, म्हणजे २.७ चौरस मीटर कापड. ब्लॅकआउट कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅम धरलं तर कापड सव्वा किलोच्या आत, खालची पट्टी अर्धा किलो. ३८ मिलिमीटरच्या नळीवर हे वजन उचलायला ०.३ न्यूटन-मीटरच्या आसपासच ताकद लागते. १.१ न्यूटन-मीटरची छोटी मोटर त्यात घासण्याचा विरोध धरूनही आरामात चालते. फार रुंद खिडकी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बारीक नळी मध्ये वाकते आणि कापडावर सुरकुत्या येतात, म्हणून मोटरच्या आधी नळी जाड घ्या.

रेडिओ की झिगबी की मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र चालावीत म्हणून केलेलं सामाईक मानक), यावर मी खूप वाचलं. साधे रेडिओ रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि स्वस्तातले बरेचसे एकतर्फी असतात, म्हणजे रिमोट सांगतो, ब्लाइंड उलट काही कळवत नाही. त्यामुळे कोणी हातातल्या रिमोटने ब्लाइंड वर केला तर ॲपला अजून तो खालीच आहे असं वाटत राहतं. झिगबी किंवा थ्रेडवाल्याला (थ्रेड हेही तसंच बिनतारी जाळं) जागा बरोबर कळते, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून त्यात खिडकीचे पडदे आहेतच. पण खरं सांगू का, थिएटरच्या खोलीत ब्लाइंड दोनच जागी असतो, पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली. त्यासाठी एकतर्फी पुरतं. मी ब्रिज (ॲपचा हुकूम रेडिओने मोटरला पोचवणारी छोटी डबी) लावून एवढंच केलंय की पिक्चर सुरू करायचं बटण दाबलं की आधी ब्लाइंड खाली येतो, तो टेकला की मग दिवे हळूहळू मंद होतात. आवाज येतो थोडा, बारीक घरघर, पण पिक्चर सुरू व्हायच्या आधीच संपते त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

आता कडा. चॅनेल म्हणजे इंग्रजी यू आकाराची ॲल्युमिनियमची पट्टी, कापडाची कड त्याच्या आत सरकते. कड निदान दोन सेंटिमीटर आत गेली पाहिजे. नुसत्या चॅनेलने काम भागत नाही, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवरून उजेड उड्या मारत आत येतोच, म्हणून आतून मॅट काळा हवा आणि त्यात बारीक ब्रशची पट्टी असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्या चॅनेलचा रंग आतून राखाडी निघाला, विकणाऱ्याने फोटोत काळा दाखवला होता आणि बदलून द्यायला तयार झाला नाही, शेवटी मी आतून काळ्या मखमलीची चिकटपट्टी लावली. पट्टी लावल्यावर जी बारीक चमक उरली होती ती गेली. वर नळीच्या पुढे बंद पेटी हवीच, नाहीतर उजेड वरून छतावर पडतो आणि छतावरून सगळीकडे. खाली पट्टीला मऊ फोम लावला की खिडकीच्या ओट्यावर नीट टेकतो.

चॅनेल परवडत नसेल तर चौकटीच्या बाहेर भिंतीवर ब्लाइंड लावा आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटर जादा कापड घ्या, कापड नळीच्या भिंतीकडच्या बाजूने खाली येईल असं बसवा, म्हणजे भिंतीला जास्त लागून राहतं. शंभर टक्के अंधार नाही होणार पण बऱ्यापैकी होतो.

रंगाबद्दल एकच, खोलीकडची बाजू काळी किंवा गडद घ्या. पांढरं कापड प्रोजेक्टरचाच उजेड परत पडद्यावर फेकतं. काचेकडची बाजू मात्र पांढरी, नाहीतर कापड आणि काचेच्या मध्ये भट्टीसारखं तापतं.

त्या तापण्यावरून आठवलं, बॅटरी. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि उन्हातल्या काचेमागे तेवढं तापमान सहज होतं, म्हणून मी संध्याकाळी ऊन गेल्यावरच चार्जर लावतो. चॅनेलमध्ये कापड घासतं त्यामुळे बॅटरी कंपनी सांगते त्यापेक्षा लवकर उतरते, हे धरून चाला. घराचं काम चालू असेल आणि खिडकीवर वायर आणता येत असेल तर सरळ वायरवाली मोटर घ्या, ही कटकटच नाही.

काही आठवड्यांनी कापड गुंडाळताना हळूहळू डावीकडे सरकायला लागलं आणि चॅनेलला कड घासून आवाज यायला लागला. यावर उपाय सोपा आहे: आधी लेव्हल लावून ब्रॅकेट एका रेषेत आहेत का बघायचं, ते ठीक असतील तर कापड पूर्ण खाली सोडून नळीवर उजव्या टोकाला मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा. कापड जाड झालेल्या बाजूकडे सरकतं. एका तुकड्याने नाही झालं तर त्यावर दुसरा. माझं त्यानंतर सरळच चालतंय. नवीन कापडाला वास येतो, पहिले काही दिवस उघडं ठेवून खोलीला हवा दिली की जातो. कोटिंगला एका जागी टाचणीएवढं भोक पडलंय, मागून काळी कापडी टेप लावली, विषय संपला.

तपासायचं कसं तर भर दुपारी सगळं बंद करून आत बसा आणि घाई करू नका, डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. आत गेल्या गेल्या जो मिट्ट अंधार वाटतो त्यातच थोड्या वेळाने रेघा दिसायला लागतात, तेव्हा त्यांच्यावर पेन्सिलने खुणा करून ठेवा. मला सगळ्यात शेवटी सापडलेली फट खिडकीची नव्हतीच, दाराखालची होती.

माप आतलं देत असाल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि सगळ्यात कमी असेल ती द्या. ब्रॅकेटसाठी बहुतेक बनवणारे स्वतःच माप कमी करतात, ते करणार आहेत का हे ऑर्डर देताना लिहून घ्या, नाहीतर दोघांनी कमी केलं तर फट दुप्पट. आणि प्रोजेक्टर नसून फक्त टीव्ही असेल तर चॅनेलच्या नादी लागू नका, टीव्हीचा पडदा मुळातच गडद असतो, काचेवर खिडकीची चमक पडली नाही म्हणजे झालं, त्याला साधा रोलर आणि साधी मोटर भरपूर.