डेबियन पॉलिसी मॅन्युअल: अहिराणी शब्दयादीचं पॅकेज करताना आलेला अनुभव

मराठी स्पेलचेक लावून अहिराणी लिहायला बसलं की 'माले', 'तुले', 'शे' सगळ्यांखाली लाल रेघ. म्हणून अमळनेरला आम्ही काही जण हनस्पेल या स्पेलचेकच्या प्रोग्रॅमसाठी अहिराणीची शब्दयादी करतोय. डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीत बसवता येईल असं तिचं पॅकेज करायचं तर ते कुठल्या वर्गात बसतं आणि त्या वर्गाच्या अटी काय, हे पाहायला डेबियनची नियमावली, म्हणजे पॉलिसी मॅन्युअल, उघडलं. कापूस वेचणीच्या दिवसांपासून ते सतत वापरात आहे.

सगळ्यात मोलाचं दुसरं प्रकरण. मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर या डेबियनच्या पॅकेज-भांडाराच्या चार भागांच्या अटी तिथे नेमक्या शब्दांत दिल्यात. मेनमधलं पॅकेज मुक्त (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं) हवंच, शिवाय ते मेनबाहेरच्या कशावर अवलंबून नको. 'रेकमेंड्स'मध्येही (सोबत असावीत अशी शिफारस केलेली पॅकेजं) तसं नाव चालत नाही, 'सजेस्ट्स'मध्ये (नुसती सुचवलेली) चालतं. स्वतः मुक्त, पण चालायला मेनबाहेरचं काही लागतं, ते कॉन्ट्रिबमध्ये.

याची खरी किंमत आम्हाला साक्रीकडच्या एका निवृत्त सरांमुळे कळली. आयुष्यभर जमवलेले शब्द त्यांनी दिले, वर लिहिलं: फक्त शैक्षणिक वापरासाठी. हेतू निर्मळ. पण डेबियनच्या निकषांत विक्रीला मनाई चालत नाही आणि वापर कोणत्या कामासाठी, यावरून भेदही चालत नाही. त्या एका ओळीपायी यादी मेनमध्ये गेलीच नसती. आम्ही सरांसमोर ते निकष एकेक करून वाचले. उद्या एखाद्या छापखान्यानं किंवा वर्तमानपत्रानं हे शब्द वापरले तर चालेल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, त्यासाठीच तर जमवले. क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए 4.0 या परवान्याखाली (नाव द्यावं, बदल त्याच अटींवर वाटावेत) त्यांनी लेखी परवानगी दिली आणि कॉपीराइट फाइलमध्ये त्यांचं नाव मानानं गेलं.

'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांतला फरक मॅन्युअल सुरुवातीलाच सांगतं, तो आधी वाचा. 'मस्ट' मोडला तर पॅकेज सहसा स्वीकारलं जात नाही. 'शुड' मोडणं हाही दोषच, पण कमी गंभीर. यांतले बरेच नियम लिंटियन हा पॅकेज तपासणारा प्रोग्रॅम आपोआप तपासतो.

सेक्शनच्या, म्हणजे पॅकेजच्या विषयवार गटांच्या, बाबतीत मात्र मॅन्युअल फार तोकडं पडतं. ॲडमिन, एज्युकेशन, फॉन्ट्स, लोकलायझेशन, टेक्स्ट अशी नुसती नावं ओळीनं दिलीत. अर्थ दुसरीकडे शोधायचा, आणि तिथेही प्रत्येकाला एखादंच वाक्य. लोकलायझेशन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरचा भाषा-आधार, टेक्स्ट म्हणजे मजकूर मांडायची-छापायची साधनं. मग शब्दयादी कुठे? प्रत्येक सेक्शनखाली दोन-तीन खऱ्या पॅकेजांची उदाहरणं दिली असती तर आमचा वाद एका संध्याकाळीत मिटला असता. उलट प्रायॉरिटीचं (पॅकेज किती गरजेचं ते) किती सोपं करून ठेवलंय: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड यांत बसत नसेल तर ऑप्शनल.

नवख्यानं सगळं सलग वाचू नये. दुसरं प्रकरण, कंट्रोल फाइलच्या (पॅकेजची माहिती देणारी फाइल) फील्ड्स आणि शेवटची अपग्रेडिंग चेकलिस्ट एवढं पुरे. ही चेकलिस्ट आवृत्तीगणिक काय बदललं ते सांगते, त्यामुळे महिन्यांनी परत आलं तरी अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही. नंदुरबारकडे भिलीची यादी करणाऱ्या मुलांना मी याच क्रमानं वाचायला सांगितलंय, आणि शब्द घेण्याआधी परवानगी लेखी घ्यायलाही.