जुनी मस्टँग विकताना: विक्रेत्याकडे ठेवावी की स्वतः विकावी?

माझी १९६६ सालची फोर्ड मस्टँग कूपे (कायम छपराची, दोन दारांची गाडी) मी दोनदा विकायला काढली. पहिल्यांदा ती न्यू जर्सीतल्या एका क्लासिक गाड्यांच्या विक्रेत्याकडे कन्साइनमेंटवर, म्हणजे मालकी आपलीच ठेवून कमिशनवर विकायला, ठेवली आणि तीन महिन्यांनी घरी परत आणली. दुसऱ्यांदा स्वतः जाहिरात देऊन विकली. ज्यांनी अशी गाडी मनापासून राखली आहे आणि जे आता ती विकण्याच्या विचारात आहेत, त्यांना दोन्ही अनुभव उपयोगी पडावेत.

विक्रेत्याकडे ठेवण्याचे फायदे खरे आहेत. अनोळखी माणसांचे फोन येत नाहीत, छायाचित्रे आणि कागदपत्रे तेच पाहतात, आणि दूरच्या राज्यातला ग्राहक कर्ज काढून घेणार असेल तर तीही सोय होते. माझ्याशी दहा टक्के कमिशन ठरले होते आणि मला ते अवाजवी वाटले नाही.

मला खटकले ते वेगळेच. कार्ब्युरेटरची (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाची) गाडी थंड असताना सुरू करण्याची एक रीत असते. अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे चोक (हवा कमी करणारी झडप) लागतो, आणि मग चावी फिरवायची. गाडी काही आठवडे उभी असेल तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून गेलेले असते. पंपाने ते पुन्हा भरेपर्यंत थोडा वेळ स्टार्टर मारत राहावे लागते. हे सगळे मी लिहून दिले होते. एका शनिवारी मी सहज तिथे गेलो, तेव्हा एक गृहस्थ गाडीशेजारी उभे होते आणि आतला तरुण विक्रेता पॅडल सारखे दाबत होता. इंजिन ओव्हरफ्लो झाले, पेट्रोलचा वास पसरला, बॅटरीचा आवाज मंदावत गेला, आणि ते गृहस्थ शांतपणे शेजारच्या शेव्हरले कॅमॅरो गाडीकडे वळले. माझ्या अंगणात पहिल्या प्रयत्नात सुरू होणारी गाडी तिथे नादुरुस्त ठरली होती. माझा निर्णय तिथेच झाला.

ऑनलाइन लिलावाचाही विचार केला होता. फास्टबॅक (मागपर्यंत उतरत्या छपराची) किंवा कन्व्हर्टिबल (उघडत्या छपराची) मस्टँग असेल तर तो मार्ग कदाचित चांगला ठरेल. पण १९६६ मध्ये बनलेल्या सहा लाखांहून अधिक मस्टँगपैकी जवळजवळ पाच लाख साध्या कूपे होत्या, त्यामुळे चढाओढीने बोली लागेल असा भरवसा मला वाटला नाही.

स्वतः विकताना त्रास होतो, हे मान्य करायला हवे. नुसती चक्कर मारायला येणारे असतात, आणि बनावट कॅशियर्स चेकचा (बँक स्वतःच्या नावावर देते त्या चेकचा) धोका तर मोठाच. त्यावर मला सुरक्षित वाटलेला उपाय म्हणजे ग्राहकाच्याच बँकेच्या शाखेत भेटावे, चेक आपल्यासमोर तयार करून घ्यावा आणि त्यानंतरच टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही करावी. नंबर प्लेट मात्र काढून आपल्याकडेच ठेवावी. न्यू जर्सीत ती गाडीबरोबर जात नाही.

पण जाणकार ग्राहकाला जे पाहायचे असते, ते मालकच दाखवू शकतो. या मस्टँगचे दुखणे म्हणजे समोरच्या काचेखालच्या हवेच्या जाळीमागचा पत्रा. तो आतून गंजला की पावसाचे पाणी थेट पायाशी येते. ज्यांनी गाडी घेतली, त्यांच्यासमोर मी त्या जाळीवर बादलीभर पाणी ओतले. त्यांनी गालिचा उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवला, तो कोरडा होता. नंतर त्यांनी चेसिस क्रमांक वाचला. त्यातला दुसऱ्या जागेवरचा ‘टी’ म्हणजे फोर्डचा मटचन कारखाना, जो प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रूट १ वर होता आणि २००४ मध्ये बंद झाला. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण आठवड्याच्या खरेदीला त्याच भागात जातात. त्यानंतर भावाची घासाघीस फारशी झाली नाही.

घरी गाडी दाखवायला जागा नसेल, किंवा भारतात परतण्याची तारीख जवळ आली असेल, तर कन्साइनमेंट नाकारू नये. मात्र गाडी आठवड्यातून एकदा सुरू केली जाईल, ग्राहक येण्यापूर्वी इंजिन गरम केलेले असेल आणि तिथे उभी असताना विमा कोणाचा लागू राहील, या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात.